परवानगी मालकाची, परमिट मजुराचं

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात लीमिंग्टन गावाभोवती हरितगृहंच हरितगृहं पसरली आहेत. तिथले टोमॅटो खुडणारे बरेचसे मजूर मेक्सिको, जमैका, ग्वाटेमालाहून आलेले असतात. या प्रांतात ही प्रथा जुनी आहे: १९६६ साली हंगामी शेतकामासाठी जमैकातून २६४ मजूर आणले गेले, तिथून तिची सुरुवात झाली.

बाहेरून माणूस आणायचा तर बहुतेक कामांसाठी मालकाला आधी ‘एलएमआयए’ नावाची सरकारी मंजुरी मिळवावी लागते. परदेशी माणूस आल्याने कॅनडातल्या कामगाराच्या पोटावर पाय येणार नाही, असा तो निर्वाळा. त्यासाठी साधारणपणे किमान चार आठवडे सरकारी जॉब बँकेवर आणि आणखी दोन मार्गांनी जागेची जाहिरात करायची, किती स्थानिक उमेदवार आले आणि ते का घेतले नाहीत ते लिहून द्यायचं. त्या भागातल्या चालू दरापेक्षा कमी पगार चालत नाही. शुल्क जागेमागे १,००० डॉलर. शेतातल्या कामांना ते माफ आहे. मंजुरी मिळाली की कामगाराने इमिग्रेशन खात्याकडे वर्क परमिटचा अर्ज करायचा.

सप्टेंबर २०२४ पासून कमी पगाराच्या जागांवर हात आखडला गेला. बहुतेक धंद्यांत अशा परदेशी कामगारांचं प्रमाण १० टक्क्यांवर आणलं, मंजुरीची मुदत एक वर्षावर आली आणि ६ टक्के किंवा त्याहून जास्त बेकारी असलेल्या महानगरांतले अर्ज, काही क्षेत्रं वगळता, घेणंच थांबलं.

पण खरी गाठ परमिटात आहे. त्यावर एकाच मालकाचं नाव असतं. मालक पगार बुडवो की बारा तास राबवो, नोकरी सोडली तर नव्या मालकाला पुन्हा तीच मंजुरी काढावी लागते. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टोमोया ओबोकाता यांनी ही योजना आधुनिक गुलामगिरीला खतपाणी घालणारी ठरवली. छळ झालेल्यांना २०१९ पासून खुलं परमिट मागता येतं खरं, पण घाबरलेल्या माणसाने पुरावे जमवायचे तरी कसे?

या मंजुरीचा काळा बाजारही झाला. तिच्या आधारे मिळालेल्या नोकरीला कायम वास्तव्याच्या अर्जात ५० किंवा २०० गुण मिळत, म्हणून परदेशी तरुण तिच्यासाठी दलालांना पैसे मोजत. मार्च २०२५ मध्ये ते गुण रद्द झाले. मंजुरीचं शुल्क मालकानेच भरायचं असतं. कामगाराकडून ते वसूल करणं बेकायदा आहे. नियम मोडणाऱ्या मालकांची नावं आणि त्यांना झालेले दंड कॅनडा सरकार जाहीर करतं. भारतातून अर्ज करणाऱ्यालाही ती यादी घरबसल्या पाहता येते.