घरगुती संगणकासाठी मोफत अँटिव्हायरसचे मूल्यमापन

विनामूल्य मिळणारे अँटिव्हायरस किती घातक सॉफ्टवेअर पकडते, निर्दोष फाइलींना किती वेळा दोषी ठरवते, संगणकाची गती किती मंदावते आणि पैशांऐवजी वापरकर्त्याकडून काय घेते, यांच्या पडताळणीस त्याचे मूल्यमापन म्हणता येईल. यांतील शेवटच्या प्रश्नाकडे सहसा दुर्लक्ष होते.

== चाचण्या ==
घरच्या संगणकावर खरे विषाणू सोडून परीक्षा घेणे धोक्याचे आहे. त्यासाठी ‘आयकार’ ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल उपलब्ध आहे. ती पकडली गेल्यास पहारा जागा आहे एवढेच कळते. पहारेकरी किती हुशार आहे, हे त्यावरून ठरत नाही. ते ठरवण्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळांचे अहवाल पाहावे लागतात. जर्मनीतील माग्देबुर्ग येथील ‘एव्ही-टेस्ट’ संरक्षण, कार्यक्षमता व वापरसुलभता यांना प्रत्येकी ६, असे एकूण १८ पैकी गुण देते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील ‘एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज’ही अशा चाचण्या घेते. एखाद्या फेरीतील अर्ध्या टक्क्याच्या फरकापेक्षा अनेक फेऱ्यांतील सातत्य अधिक बोलके असते. चाचणी मोफत आवृत्तीची होती की सशुल्क, हेही पाहणे आवश्यक आहे.

चुकीची ओळख ही क्षुल्लक बाब नव्हे. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफी या सशुल्क अँटिव्हायरसच्या एका अद्यतनाने विंडोज एक्सपीमधील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही आवश्यक फाइलच विषाणू ठरवली आणि अनेक संगणक पुनःपुन्हा बंद होऊन सुरू होऊ लागले.

== ‘मोफत’चे मूल्य ==
अवास्ट या लोकप्रिय मोफत अँटिव्हायरसने गोळा केलेली वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती ‘जम्पशॉट’ या उपकंपनीमार्फत विकली जात असल्याचे जानेवारी २०२० मध्ये वृत्तमाध्यमांनी उघड केले. त्यानंतर जम्पशॉट बंद करण्यात आली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी १ कोटी ६५ लाख डॉलरची रक्कम भरण्यास सांगितले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यास मनाई केली. संरक्षणासाठी नेमलेला प्रोग्रॅम संगणकातील जवळजवळ सर्व काही पाहू शकतो. म्हणून त्याचे गोपनीयता धोरण वाचणे हा मूल्यमापनाचाच भाग ठरतो.

== घरगुती वापर ==
२०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हे संपूर्ण अँटिव्हायरस प्रणालीतच अंतर्भूत आहे. त्यामुळे नवे सॉफ्टवेअर घेताना ते याहून सरस आहे काय, हा पहिला प्रश्न असावा. सतत पहारा देणारी दोन सॉफ्टवेअर एकत्र ठेवल्यास ती परस्परांच्या कामात अडथळा आणतात व संगणक रेंगाळतो. दुसरे अँटिव्हायरस बसवल्यावर डिफेंडर साधारणतः आपोआप बाजूला होतो. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती मात्र सांगितल्यावरच तपासणी करते, त्यामुळे दुसरे मत म्हणून ती उपयोगी पडते. संकेतस्थळावर अचानक उघडणाऱ्या ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे’ अशा चौकटींतून मिळणारे ‘मोफत’ अँटिव्हायरस बहुधा स्वतःच घातक सॉफ्टवेअर असते. अशा चौकटीवर क्लिक न करता ब्राउझर बंद करावा आणि हवे ते सॉफ्टवेअर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे.