झाकण लावले, पण झोप लागली का?

पावसाळ्यात आपल्या रत्नागिरीकडे दिवे जाणे काही नवलाचे नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तर दापोली-मंडणगडकडची कित्येक गावे बरेच दिवस अंधारात होती. अशा वेळी लॅपटॉपच्या बॅटरीतली वीज म्हणजे हंड्यात भरून ठेवलेले पाणीच!

गेल्या आषाढात आमच्या भाच्याने रात्री भरल्या बॅटरीनिशी लॅपटॉपचे झाकण लावले. सकाळी उघडतो तो बॅटरी पार रिकामी, आणि जतन न केलेला कॉलेजचा अहवालही गेला. म्हणाला, "मामा, बॅटरी बाद झाली. नवी घ्यायला हवी." मी म्हटलं, "अरे, ते यंत्र रात्री झोपलं होतं का, ते आधी बघ!"

त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केलेली ही प्रणाली. तिचा गाभा, म्हणजे कर्नेल, हा घरचा कारभारी. वायफाय, पडदा, आवाज अशा प्रत्येक भागाला हाताळणारा एकेक छोटा कार्यक्रम असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. झाकण लावले की कारभारी सर्वांना सांगतो, 'आपापले काम आवरा.' एकाने जरी नकार दिला, तरी झोपेचा बेत रद्द होतो आणि यंत्र झाकणाखाली रात्रभर जागत बसते.

मग शोध कसा घ्यायचा? लिनक्स आपली रोजनिशी ठेवते. 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने आम्ही आदल्या रात्रीच्या नोंदी काढल्या. वायफायच्या ड्रायव्हरने झोपायला नकार दिल्याचे तिथे स्पष्ट लिहिलेले! हा ड्रायव्हर 'स्टेजिंग' विभागातला निघाला. अजून पुरते न घडलेले ड्रायव्हर २००८ पासून कर्नेलच्या या विभागात ठेवतात, आणि त्यांच्या दर्जाची खात्री नाही, अशी ताकीद रोजनिशीतच उमटते.

पण नुसत्या संशयावर शिक्षा नको. हातातले काम जतन करून आम्ही तेवढा एकच ड्रायव्हर उतरवला आणि झाकण लावले. यंत्र मुकाट झोपले. ड्रायव्हर पुन्हा चढवला, तर पुन्हा जागे! चोर सापडला. मग झोपेआधी तो उतरवणारी आणि जाग आल्यावर चढवणारी चार ओळींची आज्ञावली लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी जवळजवळ होती तेवढीच होती.

यातून ध्यानात ठेवायचे एवढेच. एका वेळी एकच बदल करा. दोन केलेत, तर गुण कशाने आला ते कळत नाही. नवे कर्नेल घेतलेत, तरी जुने चालते कर्नेल काढून टाकू नका. अडचणीत तेच उपयोगी पडते. आणि दोष सापडला, तर रोजनिशीच्या उताऱ्यासह तो ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना कळवा. दुसऱ्या कुणाचा अहवाल तरी वाचेल!