नावेच्या पोटावरचे डाग

पंचगंगेचा पूर ओसरला म्हणजे त्यांत धांवपळ केलेली नाव कोठें तरी भिंतीच्या आडोशाला पालथी पडते, आणि पुढच्या आषाढापर्यंत तिची कोणाला आठवण राहत नाहीं. कबनूर-इचलकरंजीच्या बाजूला २००५, २०१९ आणि २०२१ या सालांचे पूर ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना नावेची किंमत निराळी सांगावयास नको. या पट्ट्यांत गुऱ्हाळावरच्या काहिलींत बसूनहि माणसांनीं पूर ओलांडले आहेत. आतां तें काम पुष्कळ ठिकाणीं फायबरची नाव करते. अशा नावेचे डाग काढून तिला पुन्हां पहिली कांति कशी आणावी, हा आजच्या भाषणाचा विषय. विषय किरकोळ वाटेल. परंतु श्रोतेहो, येथें प्रश्न शोभेचा नसून भरंवशाचा आहे.

प्रथम ही नाव घडते कशी, तें पाहूं. भिंत बांधतांना गिलावा शेवटीं करतात. येथें क्रम उलटा असतो. साच्याच्या आंतल्या अंगाला आधीं रंगीत राळेचा पातळ थर देतात. कारागीर त्याला जेलकोट म्हणतात. त्यावर कांचेच्या बारीक तंतूंची चटई अंथरून ती पॉलिएस्टर नांवाच्या कृत्रिम राळेनें भिजवितात. असे थरावर थर चढवून राळ कठीण झाली कीं नाव साच्यांतून बाहेर निघते. म्हणजे बळ कांचतंतूंचें आणि कांति जेलकोटाची. हा जेलकोट जाडीला सुमारें अर्धा मिलिमीटर, दोन पोस्टकार्डें एकावर एक ठेवावीं एवढाच असतो. पाणी बाहेर ठेवण्याचें मुख्य काम या सालीकडे आहे, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढचें सारें आपोआप उमजेल.

पहिल्या खेपेस मला तें उमजलें नव्हतें. एक चिवट डाग पाहून मीं खरखरीत काचकागद घेतला आणि अर्धा तास नेटानें घांसलें. डाग गेला खरा. पण त्याबरोबर सालहि गेली आणि खालची कांचेची जाळी उघडी पडली. पुढच्या पावसाळ्यांत नेमकी तीच जागा पाणी पिऊं लागली. तेव्हांपासून सर्वांत सौम्य उपाय आधीं, आणि तो हरला तरच त्याहून तीव्र, हा नियम मीं सोडलेला नाहीं.

नाव सावलींत दोन घोड्यांवर पालथी ठेवावी आणि साबणाच्या पाण्यानें मऊ ब्रशानें धुवावी. तारेचा ब्रश किंवा लोखंडी घांसणी वापरूं नये. तिचे कण अडकून राहतात व पुढें गंजून नवे डाग पाडतात. धुतल्यावर जें उरतें तें बहुधा तीन प्रकारचें असतें. हिरवट-काळें असेल तर तें शेवाळ किंवा बुरशी. ब्लीचिंग पावडरीच्या अगदीं सौम्य पाण्यानें तें कांहीं मिनिटांत सुटतें. पाण्याच्या रेषेवर पिवळट-तपकिरी पट्टा असेल, तर तो पाण्यांतील लोहाचा आणि कुजलेल्या पाल्याच्या व केंदाळाच्या रसाचा. त्यावर उपाय ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाचा. कापडावरचा गंजाचा डाग काढण्यासाठीं वस्त्रोद्योगांत हेंच आम्ल वापरतात. लोहाशीं संयोग होऊन पाण्यांत विरघळणारा पदार्थ तयार होतो, म्हणून डाग खरवडावा लागत नाहीं. तो वाहून जातो.

मात्र हें आम्ल विषारी आहे. रबरी हातमोजे व चष्मा घालावा, स्वयंपाकाचें भांडें त्यासाठीं घेऊं नये आणि मुलांना दूर ठेवावें. आणखी एक गोष्ट कधींहि विसरूं नये. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आलीं कीं घातक क्लोरीन वायु निघतो. एकाचें काम संपल्यावर भरपूर पाण्यानें धुऊन मगच दुसऱ्याला हात लावावा.

तिसरा प्रकार डागाचा नव्हेच. तळवा फिरवला असतां खडूसारखी पांढरी भुकटी लागते. उन्हांतील अतिनील किरणांनीं जेलकोटाचा वरचा भाग जीर्ण झाल्याची ती खूण. तेथें घांसण्याचें बारीक मलम लावून कापडानें पॉलिश करावें. भुकटी फारच असेल तर आधीं आठशें व मग बाराशें नंबरचा पाण्याचा कागद ओला ठेवून हलक्या हातानें फिरवावा. कोरडें घांसल्यास उडणारी धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. ओलें घांसतांनाहि नाकावर मास्क असावा.

येथवर आलें कीं मेण लावून मोकळें व्हावें, असा मोह होतो. तो आवरावा. मेण चढलेल्या पृष्ठभागावर पुढची दुरुस्ती धरत नाहीं. शिवाय खरें काम आतांच सुरू होतें. स्वच्छ झालेली नाव वाचावी लागते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा दिसल्या तर त्या ठिकाणीं दगडाचा किंवा ओंडक्याचा मार बसला असावा. पाण्याखालच्या भागावर फोड आले असतील तर सालींतून पाणी आंत झिरपलें आहे. बाजारांत मडकें घेतांना आपण तें वाजवून पाहतों. तसेंच नाण्यानें नावेचें पोट ठोकीत जावें. खणखणीत नाद आला तर अंग शाबूत. बद्द आवाज आला तर आंतले थर सुटले आहेत किंवा त्यांत पाणी भरलें आहे असें समजावें, आणि तेथें खूण करून ठेवावी.

भेग केवळ सालीची असेल तर ती थोडी रुंदावून, पूर्ण वाळवून नवा जेलकोट भरावा आणि वर प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवावा. हवेंत उघडा राहिल्यास त्याचा पृष्ठभाग चिकटच राहतो. तंतु तुटले असतील तर कड उतरती घांसून नवी चटई व राळ बसवावी लागते, आणि तें काम जाणत्या कारागिराचें. या राळा ओलाव्यांत नीट धरत नाहींत, म्हणून यासाठीं दिवाळी ते चैत्र हा काळ उत्तम. साल पार झिजली असेल तर दुरुस्तीनंतर योग्य अस्तर देऊन पॉलियुरेथेनचा रंग देतां येतो. मेणाचा हात सर्वांत शेवटीं.

प्रत्यक्षांत पुष्कळदां याच्या उलट घडतें. ज्येष्ठ उजाडला कीं घाईनें डागांवरच रंगाचा जाड हात फिरतो, वर ठळक अक्षरांत गांवाचें नांव येतें, आणि नाव सज्ज झाली असें सर्वांना वाटतें. डाग झांकले जातात. पण त्यांबरोबर भेगाहि झांकल्या जातात. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगली जिल्ह्यांतील ब्रह्मनाळ येथें पुरांतून माणसांना नेणारी नाव उलटून अनेकांचा अंत झाला. नावेंत माणसें फार झालीं होतीं, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें; तेथें डागांचा अगर भेगांचा संबंध जोडण्याचें कारण नाहीं. परंतु एक गोष्ट त्या दिवशीं सर्वांना कळली. पाणी उंबऱ्याशीं आलेला मनुष्य नावेची परीक्षा करीत नाहीं. म्हातारी आई आणि कडेवरचें मूल घेऊन तो मुकाट्यानें आंत बसतो. त्याच्या वतीनें ती परीक्षा आधींच कोणी तरी केलेली असली पाहिजे.

तेव्हां येत्या दिवाळीनंतर आपल्या गांवची पालथी नाव एकदां सुलट्या डोळ्यांनीं पाहावी. बरोबर एक बादली, एक मऊ ब्रश आणि खिशांत एक नाणें असलें म्हणजे आरंभाला पुरेसें आहे.