दोन अंशांची राखण

बिअरची चव किण्वनात ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. निम्मी चव मात्र त्याआधीच, यीस्टचा कणही पडण्यापूर्वी, मॅशच्या भांड्यात ठरलेली असते. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, भरडून गरम पाण्यात तासभर मुरवतात. या तासाभरात दाण्यातले एन्झाइम पिष्टाची साखर करतात. मोड आलेल्या नाचणीची पेज साध्या नाचणीच्या पेजेपेक्षा पातळ होते, तीही याच जातीच्या एन्झाइममुळे. १८३३ साली पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टमधून हा पदार्थ वेगळा केला आणि त्याला डायस्टेज हे नाव दिले.

मॅशमध्ये दोन एन्झाइम मुख्य. बीटा-अमायलेज साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला जोमात असतो आणि यीस्टला सहज पचणारी साखर देतो. सत्तरीजवळ तो लवकर निकामी होतो. अल्फा-अमायलेजला ७० अंशांच्या आसपासची उष्णता मानवते, पण त्याच्या कामातून यीस्टला न पचणारे घटकही बरेच उरतात. म्हणून ६४ अंशांवर मुरवलेली बिअर हलकी, कोरडी होते आणि ६८ अंशांवरची भरीव.

थर्मामीटर येण्यापूर्वी इंग्लंडमधले कारागीर पाण्यावरची वाफ विरून त्यात चेहरा स्पष्ट दिसला की माल्ट टाकत. बव्हेरिया आणि बोहेमियात मॅशचा ठरावीक हिस्सा काढून उकळत आणि परत ओतत. हिश्शाच्या मापावरच तापमानाची पुढची पायरी गाठली जाई. १७५८ साली मायकल कॉम्ब्रून या इंग्रज ब्रूअरने आपल्या पुस्तकात थर्मामीटरचा पुरस्कार केला आणि अंदाजाच्या जागी आकडा आला.

अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरगुती बिअर बनवण्यावरची केंद्रीय बंदी उठली आणि हा आकडा गॅरेजमध्ये पोहोचला. तिथे अडचण वेगळी होती. कारखान्यातला टनावारी मॅश स्वतःच्या वस्तुमानामुळे ऊब धरून ठेवतो. वीस लिटरचे भांडे मात्र झपाट्याने निवते. सुरुवातीचे पाणी हिशेबाने तापवता येते. वीस अंशांच्या पाच किलो माल्टमध्ये पंधरा लिटर पाणी घालून ६६ अंश हवे असतील, तर पाणी सुमारे ७२ अंशांचे लागते. सहलीचा शीतपेटारा भांडे म्हणून वापरला की ती ऊब बऱ्यापैकी टिकतेही. पण मधेच तापमान चढवायचे तर खालून दिलेल्या आचेने तळ करपतो आणि वरचा थर गारच राहतो.

यावर १९८०च्या दशकात रॉडनी मॉरिस यांनी रिम्स ही रचना मांडली. मॅशच्या तळाच्या जाळीखालून पंप द्रव ओढतो, विजेचे हीटर असलेल्या नळीतून नेतो आणि दाण्यांच्या थरावर परत सोडतो. दाणे जागेवर राहतात, उष्णता फिरते. या रचनेत सगळ्यात मोलाचा निर्णय म्हणजे संवेदक कुठे बसवायचा. तो दाण्यांच्या थरात ठेवला, तर बदल उशिरा कळतो. तोवर हीटर तापत राहतो आणि नळीतून जाणारे एन्झाइम होरपळतात. म्हणून तो हीटरच्या तोंडाशी हवा. नियंत्रणासाठी पीआयडी पद्धत वापरतात. उरलेला फरक, साचलेली चूक आणि बदलाचा वेग या तिन्हींचा हिशेब करून ती वीज आधीच कमी करते आणि तापमान लक्ष्याच्या पुढे जाऊ देत नाही. मात्र थर दबून प्रवाह अडला, तर नळीतला द्रव जळतो. त्यामुळे प्रवाह थांबताच हीटर बंद पाडणारी सोय लागतेच.

हर्म्स या दुसऱ्या रचनेत हा धोका टळतो. द्रव गरम पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून जातो आणि पाण्यापेक्षा जास्त कधीच तापू शकत नाही. मोबदल्यात चढ संथ होतो.

जर्मनीतला ब्राउमायस्टर किंवा न्यूझीलंडचा ग्रेनफादर यांनी पंप, हीटर आणि नियंत्रक एकाच भांड्यात आणले. ६४ निवडायचे की ६८, हे आजही माणूसच ठरवतो. पण निवडलेला अंश तासभर टिकला, तरच चवीतला फरक त्या निवडीमुळे पडला असे खात्रीने म्हणता येते आणि आवडलेली बिअर पुन्हा तशीच करता येते. घरच्या छंदाला प्रयोगशाळेची ही शिस्त लावणे हे या यंत्रांचे खरे कर्तृत्व आहे.