'शुद्ध' ग्लिसरीन म्हणजे किती शुद्ध?

जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. बहुतेक हातावर पोट असलेली. त्या दारूत मिथेनॉल होते, म्हणजे कारखान्यात वापरायचे रसायन. पिणाऱ्याला ते नजरेने किंवा चवीने ओळखता येत नाही.

हे आठवायचे कारण, अलीकडे आपल्यातल्याच एका तरुणाने विचारले, "वेपचे लिक्विड घरी करायचे तर कोणते ग्लिसरीन घ्यावे? बाटलीवर 'व्हेजिटेबल, शुद्ध' लिहिलेले चालेल ना?"

'व्हेजिटेबल' या शब्दाने फक्त ते पाम, सोया किंवा खोबरेल अशा तेलापासून आले एवढेच कळते. बायोडिझेल करतानाही वनस्पती तेलापासूनच ग्लिसरीन निघते आणि त्या कच्च्या मालात मिथेनॉल राहिलेले असते. तेही व्हेजिटेबलच!

औषधी दर्जाच्या ग्लिसरीनवर 'आयपी' किंवा 'यूएसपी' लिहिलेले असते. म्हणजे भारतीय किंवा अमेरिकी औषधकोशातल्या चाचण्यांना ते उतरले पाहिजे. त्यातली सर्वांत महत्त्वाची चाचणी डायएथिलिन ग्लायकॉलची. हे स्वस्त औद्योगिक रसायन ग्लिसरीनसारखेच रंगहीन, दाट आणि गोड असते, पण मूत्रपिंड निकामी करते. सुटे ग्लिसरीन, सौंदर्यप्रसाधनाचे ग्लिसरीन किंवा बॅच नंबर, उत्पादन परवाना नसलेली बाटली यांची अशी हमी कोणी देत नाही.

छापील लेबलही पुरत नाही, हे मुंबईने १९८६ मध्ये पाहिले. जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलिन ग्लायकॉल होते. १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतची सडलेली साखळी उघडी केली. सरकारी रुग्णालयात गरीबच जास्त जातात, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे. २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून लहान मुलांचे जीव याच रसायनाने घेतले.

बरे, अस्सल आयपी ग्लिसरीन मिळाले तर? तो दर्जा औषधात मिसळण्यासाठी, पोटात घेण्यासाठी किंवा त्वचेला लावण्यासाठी ठरवलेला आहे. तापवून फुप्फुसात ओढण्यासाठी नाही. जास्त तापले की ग्लिसरीनमधून ॲक्रोलिन आणि फॉर्माल्डिहाइड सुटतात. अमेरिकेत २०१९ मध्ये वेपमधल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटमुळे हजारो तरुण रुग्णालयात गेले आणि साठाहून अधिक मेले. तोच पदार्थ त्वचेच्या क्रीममध्ये सर्रास वापरतात. त्यामुळे 'वेपसाठी सुरक्षित ग्लिसरीन' असा दर्जा दुकानात शोधू नका, तो नाही.

शिवाय २०१९ च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेट बनवणे, विकणे आणि साठवणे बंद केले आहे. पहिल्याच गुन्ह्यात, बनवणे किंवा विकणे यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मित्रांसाठी म्हणून करून देणाऱ्याने हे आधी वाचावे.

सवय लागलीच असेल तर तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे. फोन मोफत लागतो.