वाफेने बसवलेला पीळ

घरात कार्य निघालं की कपाटातलं गंगावन बाहेर येतं, वेणीत मिसळतं आणि मांडव उतरला की पुन्हा डब्यात जातं. कृत्रिम ड्रेडलॉक्स ही त्याच जातीची वस्तू. हवी तेव्हा केसांत गुंफायची, हवी तेव्हा उतरवायची. या लांब, पीळदार बटा पाहून ‘किती वर्षं केस विंचरले नसतील’ असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात कंगवा, कपड्यांना वाफ देणारं स्टीमर आणि जाड हातमोजे एवढ्यावर त्या घरी तयार होतात. यातलं सगळं कसब पीळ बसवण्यात आहे, आणि तो वाफेने बसवावा, आगीने कधीही नाही, हे मला इथे आग्रहाने सांगायचं आहे.

आधी धागा समजून घेऊ. ‘जम्बो ब्रेड’ नावाने केसांचे जे जुडे मिळतात त्यांतले बरेचसे केनेकलॉनचे असतात. जपानची केनेका कंपनी 1957 पासून हा धागा बनवते. रसायनाच्या भाषेत तो मोडॲक्रिलिक, म्हणजे ॲक्रिलोनायट्राइल आणि व्हिनाइल क्लोराइड यांच्यापासून झालेला. स्वेटरच्या ॲक्रिलिक लोकरीचा हा जवळचा नातलग. पण त्यातल्या क्लोरीनमुळे तो सहजी पेट घेत नाही, ज्योत दूर केली की विझतो. म्हणूनच टोप आणि खोटी फर यांसाठी तो पसंत पडला. या जातीचा पहिला धागा, डायनेल, 1950 च्या सुमारास युनियन कार्बाइडने बाजारात आणला होता. भोपाळमुळे जिचं नाव आपल्या घराघरांत पोचलं, तीच ही अमेरिकी कंपनी.

आपल्या कामाचा गुण वेगळाच आहे. हा धागा तापला की मऊ पडतो आणि ज्या आकारात थंड होतो तो आकार धरून ठेवतो. ओल्या वाफेत तर तो कोरड्या उष्णतेपेक्षा कमी तापमानाला नरमतो. माणसाचा केस असा वागत नाही. इस्त्री केलेले केस पुढच्या न्हाण्याला मूळ पदावर येतात.

या केशरचनेचा इतिहास फॅशनच्या फार मागे जातो. जमैकात 1930 च्या दशकात रास्ताफारी पंथ उभा राहिला. बायबलमधल्या नाझीर व्रताचा आधार घेऊन त्याचे अनुयायी केसांना वस्तरा लावत नाहीत. त्या बटा त्यांच्या श्रद्धेचा भाग आहेत. आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया वेण्यांत कृत्रिम धागा गुंफतात, तो शोभेसाठी आणि स्वतःचे कुरळे केस रोजच्या ओढाताणीतून वाचावेत म्हणूनही. निळे-जांभळे भडक रंग 1990 च्या दशकात युरोपातल्या गॉथ आणि टेक्नो क्लबांतून आले. हौसेने ड्रेड्स घालणाऱ्याने हेही जाणून असावं की याच केसांपायी कृष्णवर्णीयांना नोकरीत आणि शाळेत अपमान सोसावे लागले. अशा भेदभावाला मनाई करणारा कायदा कॅलिफोर्नियाने केला तो थेट 2019 मध्ये.

महाराष्ट्रात तर हा विषय जिव्हारी लागणारा आहे. केसांत गुंता झाला की ती देवीची जट समजायची आणि मुलीला सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडायचं, या रूढीने कितीतरी आयुष्यांची माती केली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही बायकांची, त्यांच्या घरच्यांची समजूत काढून जट सोडवतात. मानेवर ओझं, आत कोंडा आणि उवा, आणि उतरवायची मुभा नाही. म्हणून ड्रेड बनवताना मी पहिला निकष हाच लावते: ती उतरवता आली पाहिजे, आणि उतरवल्यावर खालचं डोकं धड असलं पाहिजे.

आता कृती. धाग्यावरच्या लेपाने अनेकांच्या टाळूला खाज सुटते, म्हणून जुडा आधी पांढरं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवावा, खळबळून दोरीवर वाळत घालावा. मग धागे थोडे थोडे मागेपुढे ओढून टोकं विस्कटायची, नाहीतर शेंडा बोथट येतो. दुहेरी ड्रेडला मधे घडी आणि दोन शेंडे असतात. पेन्सिलीएवढी जाड बट मधोमध खुर्चीच्या पाठीला बांधायची आणि बारीक दातांच्या स्टीलच्या कंगव्याने शेंड्याकडून गाठीकडे उलटं विंचरत जायचं. बट फुगते आणि आखूड होते. लांबी तिसऱ्या हिश्श्याने तरी घटते, हे धरूनच जुडा निवडावा.

खरं काम यानंतरचं. एका हाताने बट ताणून पीळ घालायचा, दुसऱ्याने स्टीमर फिरवायचं. वाफ लागताच बोटांखाली बट आवळल्याचं कळतं. पिंजारलेले धागे एकमेकांत बसतात, वरची लव दबते. इथे घाई करणारे फसतात. स्टीमर बाजूला घेतलं तरी पीळ सोडायचा नाही. बट कोमट होईपर्यंत ताण तसाच धरायचा. गरम असताना सोडली तर ती उलगडते आणि उलगडलेल्या अवस्थेतच थंड होते. एक वीत झाली की पुढची वीत. शेंडा हातमोज्यांच्या तळव्यात वळत वळत निमुळता करायचा. हातमोज्यांत कुचराई नको. पाणी होताना वाफ आपली सुप्त उष्णता कातडीवर सोडते, त्यामुळे ती उकळत्या पाण्यापेक्षाही वाईट भाजते. बट पुरती गार झाल्यावर हलकेच उलटी पिळून सोडावी. जागेवर परत आली तर पीळ बसला.

शेंडे मेणबत्तीवर वितळवून बंद करणारे पुष्कळ आहेत. त्याने टणक गोळा होतो आणि तो मानेला बोचतो. त्याहून गंभीर म्हणजे हा धागा जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू सोडतो. बंद खोलीत, तोंडाशी धरून हे करणं निव्वळ जिवाशी खेळ आहे. वाफेचं कामही उघड्या खिडकीशीच करावं.

डोकं भरायला साधारण 40 ते 60 दुहेरी ड्रेड्स लागतात. आपले केस निदान चार इंच हवेत. इंच-इंचाचे चौकोन पाडायचे, घडी मुळाशी ठेवायची आणि ड्रेडचे दोन शेंडे व आपली बट मिळून तिपेडी वेणी घालायची. ती घट्ट असण्यापेक्षा नीट असावी. कपाळाची कातडी ओढली जात असेल, रात्री टाळू ठणकत असेल, तर त्याच दिवशी सैल करा. सततच्या ताणाने केसांची मुळं कायमची निकामी होऊ शकतात आणि पहिला फटका कानशिलांवरच्या बारीक केसांना बसतो.

धुताना पाण्यात कालवलेला शाम्पू फक्त टाळूला लावावा. धागा स्वतः फारसं पाणी पीत नाही, पण वेणीतले आपले केस ओले राहतात. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात ते दिवसभर सुकत नाहीत आणि कुबट वास धरतात. त्या दिवसांत ड्रेड्स न घातलेल्याच बऱ्या.

सहा ते आठ आठवड्यांनी त्या उतरवाव्यात. तेव्हा हातात केसांचा मोठा पुंजका येतो आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा उठतो. रोज 50 ते 100 केस तसेही गळतात. वेणीत अडकलेले ते सगळे एकदम बाहेर पडतात इतकंच. बटा आधी बोटांनी सोडवाव्यात, मग रुंद दातांचा कंगवा शेंड्याकडून मुळाकडे न्यावा आणि गुंता पूर्ण सुटल्याशिवाय डोक्याला पाणी लावू नये. उतरवलेल्या ड्रेड्स धुऊन, वाळवून, सैल झालेल्यांना पुन्हा वाफ देऊन ठेवल्या की पुढच्या खेपेला चालतात.