विश्लेषण : नकाशावर रस्ता आहे, जमिनीवर नाही... अडवलेला शिवाररस्ता खुला कसा होतो?

जत तालुक्यात द्राक्षाचा माल उतरू लागला की सर्वात आधी आठवण होते ती रस्त्याची. बागेपर्यंत पिकअप येत नसेल तर क्रेट डोक्यावरून काढावे लागतात, मजुरी वाढते आणि व्यापारी दर पाडून मागतो. वस्तीवरच्या बाळंतिणीला किंवा शाळेच्या मुलांना तर हंगाम असो-नसो, रोजच हा प्रश्न असतो. बाभळीच्या काट्या टाकून, आडवी चर खोदून किंवा दगड लावून वाट बंद झाली की तक्रार थेट तहसील कार्यालयात जाते. तेथे अनेक अर्ज वर्षानुवर्षे रेंगाळतात. कारण बहुतेक वेळा एकच असते : रस्ता कोणत्या प्रकारचा आहे हे न पाहता भलत्याच कलमाखाली अर्ज केलेला असतो.

जतमध्ये हा वाद इतका का?

जत हा क्षेत्रफळाने सांगली जिल्ह्यातील सर्वात मोठा तालुका. पूर्वीचे डफळे संस्थान, कर्नाटकची सीमा आणि कायमचा दुष्काळ ही त्याची ओळख. येथे लोक गावठाणापेक्षा शेतातल्या वस्त्यांवर जास्त विखुरलेले. उमदी, संख, माडग्याळ, बिळूर, डफळापूर कोणत्याही बाजूला जा, डांबरी रस्त्यापासून वस्ती आत, आणि मधे दुसऱ्याचे शेत, ओढा किंवा गायरान. जमीन कोरडवाहू होती तोवर ज्वारी-बाजरीच्या रानातून बैलगाडी गेली तरी कोणी फार मनावर घेत नसे. म्हैसाळ योजनेचे पाणी आणि द्राक्ष-डाळिंबाच्या बागा आल्या तसा बांधालाही भाव आला. नांगराच्या प्रत्येक पाळीला बांध थोडा थोडा कोरला जातो आणि गाडीवाटेची पायवाट होते. त्यात भाऊहिस्से पडले. पूर्वी एका गटाला एक वाट पुरत होती, आता चार खातेदारांना चार वाटा हव्यात.

आधी काय पाहायचे?

गावनकाशा. भूमी अभिलेख कार्यालयातून त्याची प्रमाणित नक्कल मिळते. नकाशात पायवाट एका तुटक रेषेने आणि गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. शासनाच्या निर्देशांनुसार पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट, तर हद्दीवरच्या गाडीमार्गाची साडेसोळा ते साडेएकवीस नव्हे, साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. (गावातल्या चर्चेत हे आकडे सोयीप्रमाणे लहानमोठे होतात, म्हणून नक्कल हातात असलेली बरी.) एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरचे गट झाले असल्याने जुना नकाशा आणि गटाचा नकाशा दोन्ही ताडून पाहावे लागतात.

यातून तीन शक्यता निघतात. रस्ता नकाशावर आहे किंवा सरकारी जागेतून जातो. रस्ता नकाशावर नाही, पण लोक वर्षानुवर्षे तो वापरत आले आहेत. किंवा शेताला रस्ताच नाही, तो नव्याने हवा आहे. तिन्हींचे दरवाजे वेगळे.

गायरान किंवा सरकारी जागेतला रस्ता अडवला तर?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 20 नुसार कोणाच्याही खासगी मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते, वाटा, ओढे-नाले राज्य शासनाचे. त्यामुळे अशा रस्त्यावर शेजारच्या खातेदाराने पीक घेतले तर ते सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण ठरते. कलम 50 खाली ते काढता येते आणि त्यासाठी अतिक्रमण करणाऱ्याला दंडही होऊ शकतो. येथे अर्जदाराला ‘माझा हक्क’ सिद्ध करत बसावे लागत नाही. नकाशा, मोजणी आणि तलाठी-मंडळ अधिकाऱ्यांचा पंचनामा यांतून रेषा ठरली की पुढचे काम प्रशासनाचे.

‘हा रस्ता वीस वर्षे कोणी वापरलाच नाही’ हा बचाव तहसीलमध्ये हमखास ऐकू येतो. पण वापर थांबला म्हणून सार्वजनिक रस्ता आपोआप संपत नाही. तो हक्क संपवायचा तर कलम 21 नुसार अधिसूचना काढून हरकती मागवाव्या लागतात.

ग्रामपंचायतीलाही ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 नुसार सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा दूर करण्याचा अधिकार आहे. प्रत्यक्षात तो क्वचितच वापरला जातो. अडवणारा आणि अडलेला दोघेही मतदार असतात, आणि कधी कधी अडवणारा सदस्याच्या घरातलाच असतो. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य याच कायद्याने अपात्र ठरतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जनाबाई प्रकरणात, कुटुंबीयांनी केलेल्या अतिक्रमणाचा वापर करत राहणाऱ्या सदस्यालाही हे लागू केले. पंचायत हललीच नाही तर हाच अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. रस्ता अडल्याने लोकांची तातडीची गैरसोय होत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारी अडथळा हटवण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत 133 क्रमांकाने होती.

वाट वनजमिनीतून जात असेल तर मात्र महसूल खात्याचा आदेश पुरत नाही. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) मध्ये गावाच्या रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची सोय आहे. त्याला ग्रामसभेची शिफारस लागते आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत.

वहिवाटीचा रस्ता दुसऱ्याच्या शेतातून असेल तर?

मग मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चे कलम 5. तहसीलदारांपुढे साधा दावा दाखल करून अडथळा काढण्याचा आणि पुन्हा अडवू नये असा मनाई आदेश मागता येतो. यातली सर्वात महत्त्वाची अट सहा महिन्यांची. अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत दावा हवा. गावातले मिटवामिटवीचे बोलणे, ‘पुढच्या पाडव्यापर्यंत थांबा’, पंचांच्या बैठका यात ही मुदत निघून जाते आणि मग खरी बाजू असलेला शेतकरीही हरतो. बोलणी खुशाल चालू ठेवावीत, पण अडवणुकीच्या तारखेचा फोटो आणि लेखी अर्ज पहिल्या आठवड्यातच करून ठेवावा. निकालावर अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण आहे. दिवाणी न्यायालयाचा मार्ग बंद होत नाही.

रस्ताच नसेल तर?

कलम 143 खाली तहसीलदार इतरांच्या बांधावरून रस्ता देऊ शकतात. शब्द ‘बांधावरून’ असा आहे, शेताच्या मधून नव्हे. अर्जदाराची गरज, जवळचा दुसरा पर्याय आणि शेजाऱ्याचे कमीत कमी नुकसान हे पाहिले जाते. लगतच्या सर्व खातेदारांचे सातबारे जोडून त्यांना पक्षकार केले नाही तर अर्ज तेथेच अडतो. निर्णय पटला नाही तर अपील करता येते किंवा एका वर्षात दिवाणी दावा. दावा लागला की अपिलाचा रस्ता बंद.

आदेश मिळाल्यावर काय?

खरी अडचण येथेच आहे. जेसीबी येतो, पंचनामा होतो, फोटो काढले जातात आणि पुढच्या पेरणीला चर पुन्हा पडते. आदेशाची कुठेच नोंद नसल्याने नव्या खरेदीदाराला किंवा वारसाला तो माहीतही नसतो. यावर 22 मे 2025 च्या शासन निर्णयाने दोन गोष्टी आणल्या : शेतरस्ता शक्यतो 3 ते 4 मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी. अर्ज 90 दिवसांत निकाली काढण्याचेही त्यात आहे. त्यानंतर सप्टेंबर 2025 मधील महाराजस्व अभियानात 17 ते 22 तारखेचा टप्पा पाणंद रस्त्यांसाठी राखला गेला. रस्त्यांच्या याद्या करून त्यांना क्रमांक देण्याचे काम त्यात हाती घेतले गेले.

खुला झालेला रस्ता मुरूम-खडी पडून पक्का झाला की पुन्हा नांगरणे अवघड होते. त्यासाठी 11 नोव्हेंबर 2021 च्या निर्णयाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना सुरू झाली. तिच्या नियमांनुसार प्रस्ताव ग्रामपंचायतीमार्फत द्यायचा होता आणि रस्ता आधी अतिक्रमणमुक्त असावा लागत होता. उमदी-संख बाजूच्या गावांना अर्जासाठी जतपर्यंत जावे लागत नाही, संख येथे अपर तहसील कार्यालय आहे. तेथे जाताना नकाशाची नक्कल, सातबारे आणि तारखेचे फोटो बरोबर असले म्हणजे दुसरी चक्कर वाचते.